कबुतरं टाळायची तर दाणे बंद करा
घराजवळ वेगवेगळे पक्षी यावेत म्हणून दाणे ठेवले की फक्त कबुतरंच जमतात, ही तक्रार अगदी खरी. मग काही दिवस दाणे बंदच करून बघा ना! बुलबुल, दयाळ, शिंपी, शिंजीर हे मुळात दाण्यांवर जगणारे पक्षीच नाहीत. आमच्याकडे पिकल्या पपईची फोड ठेवली की लालबुड्या बुलबुलांची जोडी हमखास येते आणि गर ओरबाडून सालीची नुसती वाटी ठेवते. दयाळ मात्र कुंडीखालचा पालापाचोळा उलटत किडे शोधतो.

आणि कृपा करून झाडांवर कीटकनाशक मारू नका. चिमणी स्वतः दाणे खाते, पण लहान पिल्लांना अळ्या-किडेच भरवते. पाणी मातीच्या परळात, दोन बोटं खोल, रोज बदललेलं हवं. नाहीतर डास होतात.