अहमदाबादच्या सकाळच्या वारसा फेरीत छायाचित्रे कशी घ्यावीत?

प्रश्न : डिसेंबरात अहमदाबादला जाणार असून काळूपूरच्या स्वामिनारायण मंदिरापासून जामा मशिदीपर्यंतच्या सकाळच्या पायी फेरीत सामील होण्याचा विचार आहे. पोळांच्या (जुन्या शहरातील दाट घरांच्या मोहल्ल्यांच्या) अरुंद गल्ल्यांत उजेड कसा मिळतो आणि कोणती लेन्स न्यावी, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १ : एकच न्यायची तर २४ किंवा २८ मिमीची, म्हणजे रुंद दृश्य टिपणारी लेन्स न्यावी, कारण पोळात मागे सरकायला जागाच नसते. ऊन आधी वरच्या मजल्यांवर पडते आणि खालची गल्ली बराच वेळ सावलीत राहते. म्हणून आकाश चौकटीबाहेर ठेवून लाकडी तोड्यांवरच्या (वरच्या बांधकामाला आधार देणाऱ्या तुकड्यांवरच्या) कोरीवकामावर उजेड मोजावा आणि रॉ (कॅमेऱ्याने टिपलेली सगळी माहिती जपणाऱ्या) स्वरूपातच फोटो घ्यावेत. दाणे टिपणारी कबुतरे असलेला चबुतरा दिसला, तर तिथे थोडे थांबावेच.

उत्तर २ : १४२४ मध्ये पूर्ण झालेली जामा मशीद शेवटी येते, हे आपल्या पथ्यावरच पडते. किब्ला (नमाजाची दिशा) पश्चिमेस असल्याने नमाजगृहाची दर्शनी बाजू पूर्वेकडे आहे आणि सकाळचे ऊन थेट तिच्यावर येते. आतल्या खांबांच्या रांगांसाठी मात्र आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाबाबतची संवेदनशीलता) वाढवावा लागेल.

उत्तर ३ : एक कळकळीची विनंती. २०१७ मध्ये जागतिक वारसा ठरलेल्या या शहरातील पोळ म्हणजे लोकांची राहती घरे आहेत. ओट्यावर भाजी निवडत बसलेल्या आजींना आधी नमस्कार करून विचारावे आणि त्यांनी नको म्हटले, तर कॅमेरा लगेच खाली घ्यावा.