मदत हवी आहे: मातीच्या माशाचे खवले गळून पडताहेत (लेपिडोटिस)

नमस्कार मंडळी. मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात एका मराठी शाळेत आठवीला विज्ञान शिकवते. प्रदर्शनासाठी मुलांनी लेपिडोटिस हा जुरासिक काळातला मासा मातीत घडवायला घेतलाय आणि आमचं गाडं खवल्यांपाशी अडलंय.

हाच मासा का, तर त्याची एक जात आपल्या दख्खनच्या नावाची आहे, लेपिडोटिस डेक्कनेन्सिस. प्राणहितेकाठी सिरोंच्याजवळ कोटा गावच्या चुनखडकात ती सापडली, १८५१ साली तिचं वर्णन लंडनमध्ये छापून आलं. वय सुमारे १८ कोटी वर्षं. "टीचर, आपल्या इकडं मिळतंय काय ओ?" हे पोरांनी पहिल्याच दिवशी विचारलं. आपल्याकडचा काळा दगड साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा आणि गोकाकच्या धबधब्याचा वाळूखडक मासे जन्मायच्याही कितीतरी आधीचा, तेव्हा नाही मिळत. एक मुलगी मलप्रभेतला दगड रुमालात बांधून आली होती, तिचं तोंड एवढंसं झालं.

रोहूचा खवला नखानं निघतो, कागदासारखा वाकतो. याचे खवले जाड, शंकरपाळ्याच्या आकाराचे, वर दाताच्या लुकणासारखा चकचकीत थर. शिवाय एका खवल्याची खुंटी शेजारच्याच्या खाचेत बसायची, मंगळुरी कौलं एकमेकांत अडकतात तशी. आम्ही खवले कातण्यानं कापले आणि पातळ मातीनं चिकटवले. सकाळी पाहिलं तर कडा वर उचललेल्या आणि चाळीसेक खवले खालच्या पेपरवर. धड दोन दिवस आधीचं, सुकत आलेलं, खवले ओले. मला वाटतं तिथंच चुकलं.

कुंभारकाम करणाऱ्यांनी कृपया सांगावं: धडाला नव्यानं ओल देऊन खवले लावावेत, की दोन्ही वेगळं भाजून मग जोडावं? खुंटी-खाच खरीच करायची मुलांची फार इच्छा आहे, एवढ्या लहान आकारात ती भट्टीत टिकेल का?

दात मात्र झकास जमलेत, वाटाण्यासारखे गोल, कठीण कवचं फोडायचे. युरोपात पूर्वी हेच दात बेडकाच्या डोक्यातला खडा समजून, विषावर उतारा म्हणून अंगठीत बसवायचे. हे सांगितल्यापासून दात कोण करणार यावर भांडणं आहेत.

आणखी एक. अशा खवल्यांना मराठीत काय म्हणता? फलकावर नुसतं 'गॅनॉइड' हे इंग्रजी नाव लिहायला जिवावर येतंय. मुलांनी 'मीनाखवले' सुचवलंय, मला तर आवडलं. याहून रुळलेला शब्द असेल तर कळवा.

प्रदर्शन पुढच्या शुक्रवारी आहे. तोवर धड ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवलंय.