थिनरचा कॅन दुकानात कुठे ठेवू? मदत हवी आहे

आमचं फर्निचर पॉलिशचं छोटं दुकान आहे, दहा बाय चौदाचं. लॅकरसाठी थिनर लागतो आणि वीस लिटरचा कॅन मागच्या कोपऱ्यात पडून असतो. झाकण हरवल्यापासून तोंडाला चिंधीचा बोळा! तिथून चार हातांवर देव्हारा. बाबा रोज संध्याकाळी दिवा-उदबत्ती करतात.

परवा कॅनवरचं लेबल वाचलं, त्यात टोल्युइन आहे. शोधल्यावर कळलं, त्याचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानापासून वाफ पेटू शकते ते, जेमतेम ४ अंश सेल्सिअस. म्हणजे आपल्याकडे थंडीतही त्याची वाफ ठिणगीने पेट घेऊ शकते. शिवाय ही वाफ हवेपेक्षा तिप्पट जड, जमिनीलगत पसरत जाते. आमचा एक्झॉस्ट फॅन मात्र छताजवळ!

बाबांचं एकच पालुपद, "तीस वर्षं काही झालं नाही." त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही, म्हणून देव्हाराच पुढच्या खोलीत हलवतोय.

आता प्रश्न. पत्र्याचा घट्ट झाकणाचा डबा घेऊ की जाड प्लास्टिकचा चालेल? खाली पंखा बसवायचा तर साध्या मोटरची ठिणगी धोक्याची, मग फ्लेमप्रूफ मोटर छोट्या दुकानाला परवडते का? पाण्याने ही आग विझत नाही, थिनर वर तरंगतो, एवढं माहीत आहे. मग ड्राय पावडरचा सिलिंडर किती किलोचा घेऊ? आणि थिनरने भिजलेल्या चिंध्या तुम्ही कुठे टाकता? आमच्याकडे त्या भुशाच्या पोत्यात जातात. कुणी पॉलिशवाले असाल तर कृपया सांगा.