क्लोराइड आत शिरतच नसेल, तर गाबा चेतापेशीला थोपवतो कसा?

नमस्कार. मी बारावीला जीवशास्त्र शिकवते. गाबा हा चेतापारेषक (चेतापेशींमध्ये संदेश नेणारे रसायन) पेशीवरच्या गाबा-ए ग्राहीला जोडला गेला की ग्राहीतली आयनवाट उघडते, ऋणभारित क्लोराइड पेशीत शिरतो, पेशीतले विभव (आतबाहेरचा विद्युतदाबातला फरक) आणखी उणे होते आणि पेशी उद्दीपनाच्या उंबरठ्यापासून दूर जाते, असे मी आजवर सांगत आले. काजऱ्याच्या बियांतले स्ट्रिक्नीन मज्जारज्जूतले ग्लायसीनचे, म्हणजे गाबासारख्याच थोपवणाऱ्या चेतापारेषकाचे, ग्राही अडवते आणि साध्या स्पर्शानेही सारे शरीर आकडीने ताठरते, हे सांगितले की या थोपवण्याचे मोल मुलांना लगेच कळते.

गेल्या आठवड्यात एका विद्यार्थिनीने फळ्यावर उणे ७० मिलिव्होल्टची आडवी रेघ ओढली, पेशीचे विश्रांतीतले विभव आणि क्लोराइडचा समतोल (ज्या विभवाला क्लोराइडची आत-बाहेर निव्वळ ये-जा थांबते ते) यांच्या दोन्ही खुणा तिच्यावरच केल्या आणि विचारले, "मॅडम, पुष्कळ पेशींत या दोन्ही गोष्टी जवळपास एकाच जागी असतात, मग क्लोराइड आत जाईल कशाला?" मला उत्तर देता आले नाही. गाबाच्या दुसऱ्या प्रकारच्या, गाबा-बी ग्राहीबाबत ही अडचण येत नाही, कारण त्याच्यामुळे पोटॅशियम बाहेर पडतो आणि त्याचा समतोल उणे ९० च्या आसपास असतो.

वाचल्यावर मला समजले ते असे. वाटा उघडल्याने पेशीपटलाचा विद्युतरोध घटतो, त्यामुळे ग्लुटामेट या उद्दीपक चेतापारेषकाच्या सिनॅप्सकडून (चेतापेशींमधल्या जोडणीकडून) आलेली तेवढीच विद्युतधारा ओहमच्या नियमानुसार विभव कमी चढवते; शिवाय विभव उणे ७० वरून चढू लागताच क्लोराइड आत येऊन ते खाली ओढतो. तळाची तोटी उघडी असलेल्या टाकीसारखे हे आहे: टाकी रिकामी असेपर्यंत तोटीतून काहीच वाहत नाही, पण वरून पाणी सोडले तरी ती भरत नाही. ही उपमा वर्गात वापरली तर चालेल का, की तिच्यामुळे नवा गैरसमज होईल?

दुसरी शंका मला अधिक सतावते आहे. नवजात मेंदूत क्लोराइड बाहेर टाकणारा केसीसी२ हा वाहक अजून कमी असतो, पेशीत क्लोराइड साठलेला असतो आणि गाबामुळे तो बाहेर पडून विभव उलट चढते. अशा वेळी क्लोराइडचा समतोल उंबरठ्याच्या खालीच असेल, तर रोध घटल्यामुळे पेशी तरीही थोपवली जाते, की गाबा तिथे उद्दीपकच मानावा? चेताविज्ञानातल्या जाणकारांनी कृपया समजावून सांगावे. सोमवारी त्या मुलीला मला नीट उत्तर द्यायचे आहे.