ग्रेटे प्रित्स कित्तेल्सन यांचा इनॅमलचा वाडगा घ्यावा का? सल्ला हवा

मीरा_ओस्लो
नमस्कार मंडळी. आमच्याकडे नॉर्वेत शाळांमध्ये जुन्या वस्तूंचे बाजार भरतात. तिथे इनॅमलचा एक केशरी वाडगा दिसला, बाहेरून पांढऱ्या पाकळ्यांची रांग. विकणाऱ्या आजी म्हणाल्या, कॅथरिनेहोल्म कारखान्याचा आहे, ग्रेटे प्रित्सचं ‘लोटस’ नक्षीचं काम. किंमत बरीच आहे. आई उन्हाळ्यात इथे येतेय. तिचं लहानपण इनॅमलच्या थाळीत जेवण्यात गेलं, म्हणून तिच्यासाठी घ्यावासा वाटतो. घेऊ का? आणि या बाईंबद्दल कुणी सांगेल का?

मुलामा
मीरा, वाडग्याचा घाट ग्रेटेबाईंचा, पण पाकळ्या त्यांच्या नाहीत. ती नक्षी कारखान्यातल्या आर्ने क्लाउसेन यांची. बाईंना स्वतःला ती आवडत नसे. त्यांना भांडं एकरंगी हवं असायचं, आकार आणि रंग एवढ्यावरच उभं राहणारं. आज जगभर त्यांचं नाव त्या पाकळ्यांमुळेच घेतलं जातं, याचं मला फार वाईट वाटतं.

ग्रेटेबाई नॉर्वेच्या सोनार आणि डिझायनर, जन्म १९१७चा. घराणं ओस्लोच्या टोस्ट्रुप या सोनारपेढीचं, १८३२पासूनचं. वडील याकोब प्रित्स सोनार, आणि ग्रेटे ज्या कलाशाळेत शिकल्या तिचे प्रमुखही. म्हणजे चांदीवरचा मीना, इनॅमलच तो, त्यांच्या घरातलाच. पण त्यांनी तो दागिन्यांपुरता ठेवला नाही. ओस्लोच्या औद्योगिक संशोधन संस्थेतल्या तंत्रज्ञांबरोबर प्रयोग केले आणि हाल्डनच्या कॅथरिनेहोल्म कारखान्यात तोच मीना रोजच्या स्टीलच्या भांड्यांवर आणला. काचेची पूड धातूवर आठशे अंशांच्या आसपास वितळवायची. धातू आणि काच तापताना-निवताना सारखी फुगली-आकसली नाहीत, तर थर तडकतो. खरी मेहनत तिथे आहे. १९५२मध्ये नॉर्डिक डिझायनरांसाठीचा लुनिंग पुरस्कार, १९५४मध्ये मिलानच्या त्रिएनाले या डिझाइन प्रदर्शनात ग्रां प्री.

शोधताना एक लक्षात ठेव: वास्तुविशारद आर्ने कोर्स्मो यांच्याशी लग्न झालेलं असतानाचं काम ‘ग्रेटे कोर्स्मो’ या नावाखाली सापडतं. दोघांचं ओस्लोतलं प्लानेटव्हायेन १२ हे घर अजून उभं आहे. खाजगी आहे, रस्त्यावरूनच पाहा.

माझं मत विचारशील तर एकरंगी वाडगा शोध.

सुनंदा_मावशी
मीरा बाळा, नक्षी कुठलीही घे, पण आधी काठावरून बोट फिरव. टवका उडालेला असेल तर तिथून स्टील गंजतं, आणि आतून उडाला असेल तर त्यात खायचं नाही. तळाशी काळे ठिपके दिसले तरी नको. तारेची घासणी लावू नकोस. तापलेल्या भांड्यावर गार पाणी तर मुळीच ओतू नकोस, थर तडकतो.
आणखी एक. जुन्या लाल-केशरी इनॅमलमध्ये कॅडमियमचे रंग वापरत असत. आतला थर रंगीत असेल तर त्यात दही, चिंचेचं सार असलं काही ठेवू नकोस. फळं ठेव.

मीरा_ओस्लो
मुलामा दादा, मावशी, खूप आभार. आज परत गेले होते. केशरी वाडग्याच्या काठाला आतून नखाएवढा टवका निघाला, कालच्या उत्साहात दिसलाच नव्हता. तो ठेवून दिला. त्याच टेबलाखालच्या खोक्यात एक गडद निळा होता, नक्षी नाही, काठ अखंड, आणि किंमत निम्मी. तो आणलाय. आई आली की त्यात आंबे ठेवीन.

मुलामा दादा, तळाला शिक्का नाहीये. तो त्यांचाच आहे हे कसं ओळखायचं?

मुलामा
सगळ्या भांड्यांवर शिक्का नसायचा. ओस्लोच्या नॅशनल म्यूझियमच्या डिझाइन दालनात त्यांचं काम आहे. आईंना घेऊन जा आणि काठाचा बाक शेजारी ठेवल्यासारखा नीट पाहा. फोटो इथे टाक, मीही पाहतो.