पोट भरतं, पण जेवल्यासारखं वाटत नाही! रात्रीच्या शाकाहारी जेवणाचे अनुभव सांगा

धागाकर्ती
आमच्याकडे निम्मे शाकाहारी, निम्मे मांसाहारी, आणि रात्रीचा स्वयंपाक सगळ्यांना एकच, म्हणजे शाकाहारी. भाजी-भात ताटभर खाऊनही अकरा वाजता फ्रीजचं दार वाजतं. तुमच्याकडे हे कशाने थांबलं? पाककृती नकोत, त्या ढिगाने मिळतात. काय चाललं, काय फसलं ते लिहा.

रात्रपाळी
मी आधी 'भाजी कोणती' ठरवायचे, आता 'कडधान्य कोणतं' इथून सुरुवात करते. फ्लॉवर, कोबी, दुधी यांत 100 ग्रॅमला 2 ग्रॅमसुद्धा प्रथिनं नसतात. तेवढ्याच शिजलेल्या मसुरीत साधारण 9 ग्रॅम, शिवाय तंतूही भरपूर. मसूर भिजवावी लागत नाही, त्यामुळे उशिरा घरी आलं तरी जमते. भाजी तिच्यातच ढकलायची.

आचेवरचा
प्रथिनांचं खरंय, पण आमच्या घरची तक्रार चवीची होती. सगळं गिळगिळीत, एकाच पोताचं. त्यावर उपाय म्हणजे भाजी खरपूस करणं.
मशरूमचंच घ्या. त्यात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. पाणी आहे तोवर तवा 100 अंशांच्या फार वर जात नाही, आणि खरपूस रंग यायला साधारण 140 तरी लागतात. म्हणून पसरट तवा, मोठी आच आणि एका वेळी थोडेच तुकडे. पाणी सुटतं, रटरटतं, मग आटतं. आवाज बदलून चर्र व्हायला लागला की तेल घालायचं आणि हात आवरायचा. सारखं ढवळू नका! एक बाजू तपकिरी झाली की उलटायचं, मीठ त्यानंतर. खाली चिकटलेलं तपकिरी खरवडून, चमचाभर पाणी घालून सोडवून घ्यायचं, चव सगळी तिथे असते. मांसाहारी पाहुण्यांनी दुसऱ्यांदा मागून घेतलेली ही माझी एकमेव शाकाहारी गोष्ट आहे.

निवांत
+1. वांग्यालाही हेच लागू.

कुकरची शिट्टी
हरभरे, राजमा तासन्‌तास शिजवूनही टणक राहत असतील तर टोमॅटो किंवा चिंच आधी घालताय का बघा. आंबटपणाने दाणा मऊ व्हायला वेळ लागतो. आधी दाणा बोटाने चेपला जाईपर्यंत शिजवा, आंबट नंतर. आणि भिजवायच्या पाण्यात मीठ घाला. 'मिठाने कडधान्य शिजत नाही' हे मीही लहानपणापासून ऐकलंय. माझ्याकडे उलट सालं जास्त मऊ होतात.

धागाकर्ती
@कुकरची शिट्टी, राजमा स्लो कुकरमध्ये करते मी. चालेल ना?

कुकरची शिट्टी
थेट कच्चा घालत असाल तर नको! कच्च्या राजम्यातल्या लेक्टिन नावाच्या विषारी प्रथिनाने उलट्या-जुलाब होतात, आणि मंद आचेवर ते नष्ट होईलच असं नाही. किमान 5 तास भिजवा, ते पाणी फेका, नव्या पाण्यात निदान 10 मिनिटं खळखळून उकळा. मग स्लो कुकर. साध्या प्रेशर कुकरला ही भानगड नाही.

मधलीसुनबाई
आमच्या सासूबाई 'हलकं जेवण' म्हणून तेल इतकं कमी घालायच्या की सगळ्यांना परत भूक लागायची. आता वाढताना वरून चमचाभर तेल किंवा तूप, मूठभर भाजलेले दाणे आणि लिंबू. फ्रीजचं दार गप्प आहे. लिंबाचा आणखी फायदा म्हणजे त्यातल्या क जीवनसत्त्वामुळे कडधान्यातलं लोह अंगी लागतं.

अर्धाकच्चा
मला एक कळत नाही, प्रत्येक वेळी मटणाची नक्कल कशाला? सोया चंक्सचा 'खिमा' केला की घरातले तुलना करत बसतात आणि सोया हरतो. तेच चंक्स भिजवून, घट्ट पिळून, कुरकुरीत परतून भातात घातले, तर कुणी काही बोलत नाही. नाव बदललं एवढंच.

एकटाच
माझ्यासारख्यांसाठी: रविवारी एकदाच मोठा कुकर लावा. शिजलेलं कडधान्य थोड्या पाण्यासकट एका जेवणापुरत्या डब्यांत भरून फ्रीझरमध्ये. रात्री कांदा परतेपर्यंत डबा कोमट पाण्यात सुटतो. बटाटे मात्र फ्रीझ करू नका, रबर होतात.