मदत हवी आहे: रात्रभर नुसता पडून असलेला फोन ३८ टक्के उतरतो

नौपाडा_नीता
बारा दिवस झाले, डोकं उठलंय. रात्री साडेदहाला १०० टक्के करून चार्जर काढते, सकाळी सहाला ६२. मध्ये कुणी हातसुद्धा लावत नाही. दुपारी चारला १५ वर येतो. बॅटरी सेव्हर कायम चालू ठेवलाय, ब्राइटनेस कमी केलाय, ग्रुप म्यूट केलेत. स्टेशनजवळच्या दुकानदाराने फोन न उघडताच "बॅटरी गेली" सांगून १,८०० रुपये मागितले. खरंच बॅटरी गेली की मागे काहीतरी चालू राहतंय, हे कसं ओळखायचं? आज संध्याकाळच्या आत सांगा प्लीज.

ऐरोलीचा_अभि
फोन किती जुना? अँड्रॉइड कितवं? सिम एक की दोन? बॅटरीच्या यादीत सगळ्यात वर काय दिसतंय? एवढं तरी लिहा.

कळवेकर
सगळी ॲप्स वर सरकवून बंद करत जा. मी दर तासाला करतो, कळव्याहून सीएसएमटीला जाऊन परत येईपर्यंत चार्जर लागत नाही.

मेकॅनिक_काका
कळवेकर, हा सल्ला देऊ नका. तसं बंद केलेलं ॲप पुन्हा पहिल्यापासून उघडावं लागतं, त्यात उलट जास्त बॅटरी जाते. अँड्रॉइड ६ पासून, म्हणजे २०१५ पासून, फोनमध्ये डोझ आहे. चार्जर काढून, स्क्रीन बंद करून फोन टेबलावर पडून राहिला की सिस्टीम ॲप्सची कामं अडवून धरते आणि मधूनमधून थोडा वेळ सोडते. तरीही ३८ टक्के जात असतील तर कुणीतरी फोनला झोपू देत नाहीये. नीताताई, एक रात्र सेफ मोडमध्ये ठेवून बघा. त्यात बाहेरून घातलेली ॲप्स चालत नाहीत. सकाळी आकडा चांगला आला तर दोष ॲपचा. तसाच उतरला तर मग बॅटरीचा किंवा नेटवर्कचा विचार करू.

कळवेकर
पाच वर्षं करतोय काका, मला फरक पडतो.

सुलभा_वाशी
पॉवरबँक घेताना एक लक्षात ठेवा. पाकिटावर १०,००० एमएएच लिहिलेलं असलं तरी फोनला साधारण सहा-साडेसहा हजारच मिळतात. बाकीचे व्होल्टेज वाढवण्यात आणि उष्णतेत जातात. २०,००० चा विमानात हातातल्या बॅगेत चालतो, चेक-इनमध्ये टाकू नका.

नौपाडा_नीता
सुलभाताई, पॉवरबँक नकोय, ती बरोबर नेणं जमणार नाही. फोन अडीच वर्षांचा, अँड्रॉइड १३, दोन सिम. यादीत सगळ्यात वर गूगल प्ले सर्विसेस २९ टक्के, खाली मोबाइल नेटवर्क ११. प्ले सर्विसेस डिसेबल करून टाकू का?

ऐरोलीचा_अभि
अजिबात नको, निम्मी ॲप्स अडतील. बाकीची ॲप्स लोकेशन मागतात ती त्याच्यामार्फत, म्हणून खर्च बऱ्याचदा त्याच्या नावावर दिसतो. सरळ लोकेशन बंद करा, झालं.

नौपाडा_नीता
लोकेशन बंद नाही करता येणार. फोन बाबांचा आहे. ७६ वर्षांचे आहेत, रोज संध्याकाळी तलावपाळीला एकटे फेरी मारतात. वर्षभरापासून मधेच रस्ता विसरतात. मी घणसोलीला कामाला, म्हणून ते कुठे आहेत हे दाखवणारं ॲप टाकलंय. गेल्या मंगळवारी साडेसहाला फोन बंद पडला. मी ट्रान्स हार्बर लोकलने ठाण्याला पोचून शोधत फिरले, पावणेनऊला गडकरी रंगायतनपाशी बसलेले दिसले. त्यांना फिरायला जाऊ नका म्हणणं माझ्याच्याने होणार नाही.

मेकॅनिक_काका
ताई, हे पहिल्याच ओळीत हवं होतं. मग सेफ मोड फक्त रात्री, बाबा बाहेर असताना नाही, कारण ते ॲपही त्यात बंद राहील. आणि बॅटरी सेव्हर आत्ता काढा. काही फोनमध्ये स्क्रीन बंद झाली की तो लोकेशनच थांबवतो, म्हणजे तुम्हाला बाबांची जुनी जागा दिसत राहील. सेटिंग्जमध्ये लोकेशन उघडा, कुठल्या ॲपला "नेहमी" परवानगी आहे ते पाहा. बाबांचं ॲप तिथे राहू द्या, त्याची बॅटरी "अनरिस्ट्रिक्टेड" करा. बाकी सगळ्यांना "वापरत असतानाच". दुसऱ्या सिमला रेंज असते का?

नौपाडा_नीता
ते सिम कधीचं बंद पडलंय, रिचार्जच केला नाही.

मेकॅनिक_काका
मग ते सेटिंग्जमधून बंद करा. नेटवर्क न मिळणारं सिम टॉवर शोधत बसतं.

कळवेकर
एकदा रिसेट मारला असता तर एवढं करावंच लागलं नसतं.

ऐरोलीचा_अभि
रिसेटनंतर तीच ॲप्स, त्याच परवानग्या परत येणार. शिवाय त्या वयात सगळे नंबर, सगळी मांडणी बदलली की माणूस गोंधळतो. माझ्या आजीला महिनाभर फोन उचलता येत नव्हता.

सुलभा_वाशी
नीता, फोनवर सगळा भार टाकू नकोस गं. खिशात नाव, पत्ता आणि तुझा नंबर लिहिलेलं कार्ड ठेव. आमच्या सासऱ्यांना सेक्टर १७ मधून एका रिक्षावाल्याने तेवढ्यावर घरी आणून सोडलं होतं.

नौपाडा_नीता
दोन दिवसांनी लिहितेय. "नेहमी"च्या यादीत पाच निघाली. आमचं एक, पावलं मोजणारी दोन (एक भाच्याने टाकलेलं, दुसरं कुणी टाकलं बाबांना आठवत नाही), हवामानाचं एक आणि कूपनांचं एक. आमचं सोडून चारही काढली, सिम बंद केलं. काल रात्री १०० वरून सकाळी ९१. संध्याकाळी सातला बाबा घरी आले तेव्हा ५४. बॅटरी तीच आहे. काका, तुमचे खूप खूप आभार. अभि, तुमचेही.

रात्रपाळी_तुर्भे
माझाही असाच उतरतो, काय करू?

मेकॅनिक_काका
नवा धागा काढा. फोन, आवृत्ती, सिम किती, आणि फोन कोण वापरतं तेही लिहा.

सुलभा_वाशी
नीता, कार्ड केलंस का?

नौपाडा_नीता
केलं. लॅमिनेट करून एक पाकिटात, एक सदऱ्याच्या खिशात. सदरा धुवायला टाकताना काढायचं, हे आईला सांगून ठेवलंय.